न भरणारी जखम



रोगाविषयीं बोलण्याचा अधिकार वैद्याचा. मी केवळ एक निवृत्त शिक्षक. परंतु एक दुर्मिळ दुखणें माझ्याच घरांत येऊन गेलें, म्हणून चार शब्द सांगतों.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नडगीवर पुटकुळी आली. बाभळीचा कांटा लागला असेल, असें आम्हांस वाटलें. आठ दिवसांत तिची वाटीएवढी जखम झाली. कडा जांभळ्या व आंतून पोखरलेल्या. वेदना अशी कीं, पांघरुणाचा स्पर्शहि सोसवेना. मांस सडत आहे असें समजून जखम दोनदां कापून साफ करण्यांत आली. दोन्ही वेळां ती अधिकच पसरली. शेजारच्या घरीं तिचा पेला वेगळा ठेवूं लागले.

अखेर धाराशिवाहून तिला सोलापुरास नेलें. तेथील त्वचारोगतज्ज्ञांनीं प्रथम विचारलें, "बाई, पोटाची कांहीं तक्रार?" दोन वर्षें तिला रक्ताची आंव पडत होती. तिचा पायाशीं संबंध असेल, हें आमच्या स्वप्नांतहि नव्हतें.

या रोगास 'पायोडर्मा गँग्रीनोझम' म्हणतात. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं १९३० सालीं दिलेलें हें नांव फसवें आहे. हा रोग जंतूंमुळें होत नाहीं, तें गँग्रीनहि नव्हे, आणि तो स्पर्शानें पसरत नाहीं. शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशीच स्वतःच्या त्वचेवर उलटतात. आंतड्याची जुनाट सूज, संधिवात किंवा रक्ताचे विकार यांच्या संगतीनें तो पुष्कळदां येतो. त्वचेस इजा होतांच तो चेततो. म्हणून सुरी येथें घातक ठरते.

त्याचें निदान एका तपासणीनें होत नाहीं. कडेचा लहानसा तुकडा तपासून जंतुदोष, क्षय, कर्करोग व रक्तवाहिन्यांचे विकार वगळावे लागतात. उपचार म्हणजे ही उलटलेली सेना शांत करणें: प्रेडनिसोलोन किंवा सायक्लोस्पोरिन. ब्रिटनमध्यें १२१ रुग्णांवर या दोन औषधांची तुलना झाली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांत दोन्ही गटांतील सुमारें ४७ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. तेव्हां धीर हवा. रक्तांतील साखर व रक्तदाब तपासत राहावें, आणि वैद्याच्या सल्ल्यावांचून औषध एकाएकीं सोडूं नये.

बहिणीची जखम आठ महिन्यांनीं भरली. चाळणीसारखा व्रण तेवढा राहिला. पोटाचेंहि औषध चालू आहे. साफ करूनहि जखम वाढतच असेल, तर पुन्हां कापण्यापूर्वीं त्वचारोगतज्ज्ञास दाखवा, आणि रुग्णाचा पेला वेगळा ठेवूं नका. तिला जखमेहून त्या पेल्याचें दुःख अधिक झालें होतें.