चित्रांचे ओझे आणि संकेतस्थळाचा वेग

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय वरकरणी यंत्रविद्येचा वाटेल. संकेतस्थळावर चित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावे, हे ते बनविणाऱ्याने पाहावे, आम्हांला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु माझ्या मते हा प्रश्न शिक्षणाचाच आहे. प्रवेशाची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत, परीक्षेचा निकाल हे सारे आज मोबाइलवर येते. आपल्याकडील अनेक घरांत मोबाइल एकच असतो. वडील कामावरून किंवा शेतातून परतले की तो मुलांच्या हाती पडतो. त्या तासाभरात पान उघडलेच नाही आणि मुदत टळली, तर त्या मुलीने तक्रार कोणाकडे करावयाची? जड पान म्हणजे गरिबासाठी बंद दरवाजा होय. हा दरवाजा बहुधा चित्रांच्या ओझ्याने बंद होतो, म्हणून आज चित्रांविषयी बोलावयाचे ठरविले आहे.

प्रथम थोडे गणित करू. मोबाइलने काढलेले छायाचित्र 4,000 पिक्सेल रुंद व 3,000 पिक्सेल उंच आहे असे धरा. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. गुणाकार केला की 1 कोटी 20 लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास 3 बाइट लागतात, म्हणजे सारे मिळून 3 कोटी 60 लाख बाइट, सुमारे 36 एमबी झाले. एवढे ओझे कोणी वाहत नाही. मोबाइल ते दाबून बसवितो आणि फाइल साधारण 4 एमबीची होते. आता स्नेहसंमेलनाची अशी 15 छायाचित्रे कोणी जशीच्या तशी संकेतस्थळावर चढविली, तर 60 एमबी झाले. सेकंदाला 1 मेगाबिट एवढ्या मंद जोडणीवर ते पान पूर्ण उतरण्यास 480 सेकंद, म्हणजे 8 मिनिटे लागतील. कोण थांबेल?

हीच छायाचित्रे 800 पिक्सेल रुंदीची केली, तर ठिपके 25 पटींनी कमी होतात. मोबाइलच्या पडद्यावर तेवढी रुंदी सहसा पुरेशी असते. एक चित्र सुमारे 100 केबीचे झाले असे धरल्यास 15 चित्रांचे दीड एमबी होतात व पान 12 सेकंदांत उतरते. येथपर्यंत आपण नवा फॉरमॅट वापरलेलाही नाही. म्हणून पहिला नियम असा: डबा बदलण्यापूर्वी माल मोजून घ्यावा. मोठे चित्र नव्या फॉरमॅटमध्ये घातले तरी ते मोठेच राहते.

आता डब्यांकडे वळू. आपला मुलूख कपाशीचा आहे, तेव्हा उदाहरणही तेच घेतो. मोकळ्या कापसाने गाडी भरते. दाबून गाठ बांधली की तोच कापूस थोड्या जागेत मावतो, आणि गाठ सोडली तर एक तंतूही कमी झालेला नसतो. पीएनजी हा फॉरमॅट असा आहे. 1996 पासून तो प्रमाण मानला जातो. अक्षरे, आकृत्या व सपाट रंग यांस तो चांगला. जेपेगचे प्रमाण 1992 सालचे. त्याची रीत वेगळी. मनुष्याच्या डोळ्यास सहसा न जाणवणारा तपशील तो काढून टाकतो आणि उरलेले दाबतो. छायाचित्रास हे मानवते. मात्र काढलेला भाग परत येत नाही, म्हणून मूळ छायाचित्र नेहमी वेगळे जपून ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, या जेपेगच्या पोटात कोणाची बुद्धी आहे हे तुम्ही ऐकलेच पाहिजे. नासिर अहमद यांचा जन्म 1940 साली बंगळूरचा. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी तेथेच घेतली आणि पुढील शिक्षणास अमेरिकेस गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत असता 1972 साली त्यांनी चित्रे दाबण्याच्या एका नव्या रीतीच्या अभ्यासासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. नासिर अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रीतीचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. यातील कोसाइन तोच, जो त्रिकोणमितीच्या धड्यात तुम्हांला कंटाळवाणा वाटतो! चित्राचे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे चौकोन करावयाचे, प्रत्येक चौकोन कोसाइनच्या लाटांत मांडावयाचा, आणि ज्या बारीक लाटा डोळ्यास जाणवत नाहीत त्या गाळावयाच्या, असा हा सारा व्यवहार आहे. नव्या फॉरमॅटच्या मुळाशीही याच रीतीची रूपे आहेत.

हे नवे फॉरमॅट मुख्यतः दोन. पहिला वेबपी. गूगलने तो 2010 साली जाहीर केला. त्याच प्रतीचे चित्र वेबपीमध्ये जेपेगपेक्षा 25 ते 34 टक्क्यांनी लहान होते, असे गूगलचे मोजमाप आहे. मघाचे दीड एमबीचे पान त्यामुळे 1 एमबीच्या आसपास येईल. दुसरा एव्हीआयएफ, 2019 सालचा. तो बहुधा वेबपीहूनही लहान होतो, पण फाइल तयार करण्यास अधिक वेळ घेतो. आयफोनवरील सफारी ब्राउझरला वेबपी 2020 पासून व एव्हीआयएफ 2022 पासून कळू लागला. त्यापूर्वीच्या जुन्या फोनांचे काय? त्याचीही सोय आहे. संकेतस्थळाच्या भाषेत पिक्चर नावाची खूण आहे. तीत आधी एव्हीआयएफ, मग वेबपी आणि अखेरीस जेपेग अशी ओळीने नावे द्यावयाची. ब्राउझर आपल्याला समजणारे पहिले चित्र उचलतो. नवा फोन असणाऱ्यास हलके चित्र मिळते आणि जुना फोन असणाराही उपाशी राहत नाही.

आता निवड कशी करावयाची? आपल्याच जिल्ह्यातील चित्रे घेऊ. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले व त्याची छायाचित्रे जगभर गेली. अशा चित्रात रंग हळूहळू बदलत जातो. जेपेग फार दाबला तर पाण्यावर पट्टे व चौकोन दिसू लागतात. तेथे एव्हीआयएफ किंवा वेबपी उत्तम. सिंदखेड राजा येथील राजवाड्याच्या दगडी बांधकामात बारीक तपशील असतो. ते चित्रही वेबपीत ठेवावे, पण दाब थोडा कमी द्यावा. संस्थेचे बोधचिन्ह मात्र रेषांचे असते. त्यास एसव्हीजी योग्य. त्यात ठिपके नसून रेषा कशा काढावयाच्या याच्या सूचना असतात, त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही. हे सारे करण्यास पैसे लागत नाहीत. गूगलचे स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात मूळ व दाबलेले चित्र शेजारी ठेवून पाहता येते.

पालकांसाठी एक वेगळी सूचना. अर्ज भरताना नवे-जुने पाहू नये. अर्जात जो फॉरमॅट व जितके केबी सांगितले असतील, तेच द्यावे. तेथे बहुतेक वेळा जेपेगच मागतात. 2017 नंतरच्या अनेक आयफोनांत छायाचित्र एचईआयसी या फॉरमॅटमध्ये साठते व अर्ज ते नाकारतो. अशा वेळी फाइलच्या नावापुढील अक्षरे बदलून भागत नाही. डब्यावरील चिठ्ठी बदलल्याने आतील धान्य बदलत नसते. चित्र रीतसर जेपेगमध्ये रूपांतरित करून घ्यावे, आणि हे काम मुदतीच्या शेवटच्या रात्रीवर टाकू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजास विशेष लागू आहे. नस्तालीक लिपी संगणकावर नीट बसत नव्हती, तेव्हा उर्दू वृत्तपत्रे अनेक वर्षे अख्खी पाने चित्र म्हणूनच प्रसिद्ध करीत. त्या काळी ते नाइलाजाने होते. आज युनिकोडमुळे उर्दू व मराठी दोन्ही भाषा सरळ मजकूर म्हणून लिहिता येतात. तरीही आपण सूचनेच्या कागदाचा फोटो काढतो व तोच सर्वांना पाठवितो. त्या फोटोस शेकडो केबी लागतात; तोच मजकूर टाइप केला तर दोन-तीन केबींत मावतो. मजकूर शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, दृष्टिहीन विद्यार्थ्यास मोबाइल तो वाचून दाखवू शकतो. तेव्हा शब्दांसाठी सर्वांत चांगला फॉरमॅट म्हणजे शब्दच, चित्र नव्हे.

मित्रहो, हे काम नववी-दहावीच्या मुला-मुलींच्या आवाक्यातले आहे. आपल्या शाळेचे, गावातील वाचनालयाचे किंवा ओळखीच्या दुकानदाराचे पान मोबाइलवर उघडा. ते किती सेकंदांत उघडते ते मोजा. चित्रे लहान करा, योग्य फॉरमॅटमध्ये घाला, सूचना मजकुरात लिहा, आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतील फरक वहीत लिहून वर्गात दाखवा. कोणी म्हणेल, हे तर फारच सोपे आहे. म्हणू द्या. नासिर अहमदांनाही तेच ऐकावे लागले होते.