कोंबडा शेजारच्या पाड्यावरचा

गावरान कोंबडी म्हटली की पुष्कळांना आधी रस्सा आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. हायवेवरच्या प्रत्येक ढाब्याच्या पाटीवर हा शब्द असतो. पण गावरान हे काही एका जातीचं नाव नव्हे. झाबुआकडचा काळा कडकनाथ गावरानच, झुंजीसाठी नावाजलेला उंच मानेचा असीलही गावरानच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे अशा देशी जातींची रीतसर नोंद असते. त्या यादीत आपल्या महाराष्ट्राचंही नाव जोडलेली एक जात आहे, बुसरा. नंदुरबार जिल्ह्यातला नवापूरचा परिसर आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पट्टा हे तिचं माहेर. पशुसंवर्धनाच्या नोकरीत माझी बरीच वर्षं त्या भागात गेली, म्हणून आज तिच्याबद्दल बोलतो.

बुसरा दिसायला रुबाबदार वगैरे नाही. मध्यम बांध्याची, चपळ, आणि रंग म्हणाल तर घरागणिक निराळा. वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास अंडी. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी तीनशेच्या वर देते. मग हिला कुणी का सांभाळावं?

कारण ती खुडूक होते. दहा-बारा अंडी घातली की बसते, एकवीस दिवस उठत नाही, आणि पिल्लं निघाली की घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. शहरातल्या माणसाला खुडूक कोंबडी म्हणजे अंडी बंद, नुकसान. पाड्यावरच्या बाईला तीच मशीन, तीच वीज आणि तीच दाई. बंगळुरूची गिरिराजा, हैदराबादची वनराजा हे सुधारित पक्षी चांगलेच आहेत, मी स्वतः त्यांची पिल्लं वाटली आहेत. वजन भराभर भरतं, अंडीही जास्त. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत ते गुण तसेच उतरत नाहीत. म्हणजे पिल्लं पुन्हा विकत आणायची. बरं, त्यांचा कोंबडा दांडगा. तो अंगणात मोकळा फिरला की दोन-तीन वर्षांत पाड्यावरची खुडूक होणारी कोंबडी कमी होत जाते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जात कोंबड्या कापल्याने बुडते असं लोकांना वाटतं. माझं निरीक्षण असं, की ती कोंबड्यापायी बुडते. होळी जवळ आली की व्यापारी पाड्यावर येतो आणि सगळ्यांत भरदार तलंगा कोंबडा हातात उचलून बघतो. पैसे रोख, मग तोच जातो. नवसालाही असाच देखणा लागतो. मागे राहतो तो किरकोळ, आणि पुढच्या वर्षीची सगळी पिल्लं त्याची. अशी उलटी निवड दरवर्षी चालते. चांगला कोंबडा आधी बाजूला काढा, त्याच्या पायात चिंधी बांधा आणि मग व्यापाऱ्याला बोलवा, हे मी घरोघरी सांगत असे.

दुसरी अडचण रक्ताची. घरात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल तर आपण म्हणतो अकरा पक्षी आहेत. आनुवंशशास्त्राचं गणित निराळं आहे. नर आणि माद्या यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर येतं ३.६. वंशाच्या हिशेबात तुमच्याकडे चार पक्षीसुद्धा नाहीत. त्याच कोंबड्याच्या लेकी त्याच्याचखाली राहिल्या की अंडी फोल जातात, पिल्लं अशक्त निघतात, आणि बाई म्हणते कोंबडीला नजर लागली. हेच पाड्यावरच्या दहा घरांनी प्रत्येकी एक कोंबडा ठेवून ते आपसात फिरवले, तर शंभर कोंबड्या आणि दहा कोंबडे मिळून आकडा छत्तीसवर जातो. खर्च शून्य.

आता रोगाचं. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, एकदा शिरली की चार दिवसांत खुराडं रिकामं. लस आहे, आणि स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. अडतं कुठे? लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची, आणि घरात पक्षी बारा. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवायची. म्हणून एका घराने लस टोचणं जमतच नाही. सगळ्या पाड्याने एका दिवशी, पहाटे कोंबड्या डालग्यातून सोडायच्या आधी जमायचं, तरच ते होतं. डॉक्टरपेक्षा अशा वेळी पाड्यावरची एखादी खमकी आजी जास्त कामाची.

मानमोडीला निदान लस तरी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नेमका नवापुरात, बुसराच्या माहेरात. पोल्ट्र्यांतले लाखो पक्षी मारले गेले, आणि भोवतालच्या गावांतली परसातली कोंबडीही त्यात गेली. रोग आवरायचा तर दुसरा मार्ग नव्हता, हे मी आजही म्हणेन. पोल्ट्रीवाल्याने पुढे हॅचरीतून पिल्लं आणली आणि शेड भरली. बुसराची हॅचरी कुठली? बंदी उठल्यावर एका पाड्यावर गेलो तेव्हा मी विचारलं, "मावशी, आता कोंबड्या कुठून आणणार?" ती म्हणाली, "साहेब, माझ्या कोंबडीची लेक बहिणीकडे दिलेली आहे ना, लांबच्या गावाला. तिच्याकडून आणीन."

ही निम्म्या वाट्याची पद्धत. आपली तलंग दुसऱ्या घरी सांभाळायला द्यायची, पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आपली. गरिबाघरची उसनवारी म्हणून आम्ही शिकलेली माणसं तिच्याकडे बघत होतो. प्रत्यक्षात तो वंशाचा विमा होता, आणि त्याचा कागद कुठेच नव्हता. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. अशा वेळी ज्यांच्या लेकी लांब दिलेल्या असतात त्यांनाच पुढची आशा. एक पथ्य मात्र कडक हवं. वाटणी निरोगी दिवसांत करायची. आजूबाजूला मर सुरू झाल्यावर कोंबडी पाहुण्याकडे पाठवली, तर तिच्याबरोबर रोगच पाठवला.

कडकनाथचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली. पण त्याचा काळेपणा असा, की साध्या कोंबडीशी संकर केला तरी पहिली पिढी बऱ्यापैकी काळीच दिसते. मग काळं ते कडकनाथ म्हणून खपवणं सोपं. त्याच्या नावाने आपल्याकडे गुंतवणुकीच्या योजना निघाल्या आणि २०१९ मध्ये कोसळल्या, शेतकरी अडकले. बुसराला असा भाव नाही. कधी कधी वाटतं, एका अर्थी बरंच आहे.

कुणाला परसात गावरान वंश धरायचाच असेल तर रंगाच्या मागे लागू नका. कोंबडी निवडताना बघा, किती अंड्यांवर बसली आणि दोन महिन्यांनी तिची किती पिल्लं जिवंत राहिली. जिची जास्त राहिली, तिची अंडी पुढच्या खेपेला दुसऱ्या खुडूक कोंबडीखालीही ठेवा. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, फार मोठी नकोत, फार लहान नकोत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं स्वच्छ दिसलं तर ते फोल, काढून टाका.

कोंबडा वर्षाने बदला, आणि तो शेजारच्या पाड्यावरचा घ्या, घरचा पोरगा नको. आणल्यावर पंधरा दिवस निराळ्या डालग्याखाली ठेवा, तोवर आजार असेल तर कळतो. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. जुना कोंबडा गेल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तेव्हा त्याला काढल्यापासून तीन आठवडे तरी अंडी उबवायला ठेवू नका. तोवरची अंडी खुशाल खा.