जगाच्या चर्चेत आपल्या मुलांची सही

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. ‘आंतरराष्ट्रीय राजकारणात तरुणांचा आवाज’ हा विषय मला देण्यात आला आहे. तो मी माझ्या काउंटरच्या बाजूनेच मांडणार, हे आपण समजून घ्यावे.

बँकेत अठरा वर्षांखालच्या खातेदाराला आम्ही ‘अज्ञान’ म्हणतो. शब्द कायद्याचा आहे, अपमानाचा नाही. त्याच्या वतीने पालक सही करतो. पण मूल सज्ञान झाले की त्या खात्यावर पालकाची सही चालत नाही. मुलाला स्वतः यावे लागते, स्वतःची नमुना सही द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने तर २०१४ मध्ये दहा वर्षांवरील मुलांनाही, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा दिली. मतदानाचे वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आले. पैशाला सही आहे, मताला सही आहे. विचाराला मात्र नाही. आपल्या घरांत आणि आपल्या या मंडळातसुद्धा तिशीला आलेल्या मुलाच्या वतीने अजून वडीलच सही करतात. आज मला बोलायचे आहे ते याबद्दल.

कुणी म्हणेल, बऱ्हाणपूरचा आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा संबंध काय? आपल्या जिल्ह्याची ओळख केळीची. भारताची केळी इराण, इराक, ओमान, संयुक्त अरब अमिराती या देशांत जातात. तिकडे युद्धाचे ढग जमले आणि जहाजे अडली, की त्याची झळ इकडच्या शेतकऱ्यापर्यंत येते. दुसरे उदाहरण घरातले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. ज्यांची मुले तिकडे जायच्या तयारीत होती, त्या घरांत त्या आठवड्यात काय वातावरण असेल ते मी सांगायला नको. तेव्हा जगाचे राजकारण आपल्या दारात केव्हाच आले आहे. प्रश्न इतकाच, की त्यावर बोलायचे कुणी? ज्यांना पुढची पन्नास वर्षे त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्यांनी की नाही?

मुलगा असे काही बोलू लागला की आपल्याकडे एक म्हण तयार असते: लहान तोंडी मोठा घास. पण जरा तापीच्या काठाने खाली जा. पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे, जवळच मुक्ताईनगर आहे. आपल्यापैकी अनेकांचे तिथे जाणे-येणे आहे. चौदाशे वर्षांच्या योग्याने वयाने नातीहून लहान असलेल्या मुक्ताबाईला गुरू केले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि घरी येऊन वीस वर्षांच्या मुलीला म्हणतो, ‘तुला काय कळतं, गप्प बस.’

आता इतिहासातले, कागदोपत्री नोंदलेले उदाहरण सांगतो. मुंबईची रखमाबाई. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झाले. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला आणि १८८४ मध्ये नवरा, दादाजी भिकाजी, कोर्टात गेला. खटला चालू असताना १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये बालविवाहाविरुद्ध पत्रे छापून आली. खाली सही होती ‘अ हिंदू लेडी’. ती लिहिणारी रखमाबाईच होती, वय वीस. विचार स्वतःचे, पण नाव द्यायची सोय नव्हती. त्याच वर्षी पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी उलट निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये तिचे पत्र आले. या वेळी नावानिशी.

एका सुतार समाजातल्या मुलीचे म्हणणे विलायतेत वाचले गेले, त्यावर तिथे वाद झडले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचे संमतिवय दहावरून बारावर गेले. त्या कायद्यामागे बेहरामजी मलबारींसारख्यांचे श्रम होते, पण रखमाबाईच्या खटल्याने त्या चर्चेला धार आणली हे सर्वमान्य आहे. पुढे ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, सुरत आणि राजकोट येथे तिने अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

यात एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. तिच्या विरोधात उभे राहणाऱ्यांत लोकमान्य टिळकही होते. लोकमान्यांबद्दल या सभागृहात कुणाच्या मनात कमी आदर नाही, माझ्याही नाही. परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. पण त्या घरात राहणाऱ्या मुलीला काय वाटते, हे त्या मुलीनेच सांगायचे होते. मोठ्यातला मोठा माणूससुद्धा दुसऱ्याच्या वतीने बोलू लागला की चुकू शकतो, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

आता आजच्या काळातले एक उदाहरण. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. समुद्र वाढतो आहे आणि त्यांची बेटे धोक्यात आहेत. तिथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ठरवले, की हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचे. विद्यार्थ्यांना थेट त्या न्यायालयात जाता येत नाही. म्हणून त्यांनी पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतू सरकारने त्यांचे म्हणणे उचलून धरले. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले: हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणाऱ्याला भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, बंधनकारक नाही. तरी वर्गात सुरू झालेली गोष्ट सहा वर्षांत हेगपर्यंत पोहोचली, हे खरे.

उलट बाजूही पाहू. २०१९ मध्येच सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली. त्यांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती, आपल्या हरिद्वारची रिद्धिमा पांडेही होती. २०२१ मध्ये समितीने ती तक्रार दाखल करून घेतली नाही. कारण असे, की आधी त्या त्या देशातल्या न्यायालयांत दाद मागायला हवी होती. आमच्या भाषेत सांगायचे तर आधी शाखेत अर्ज, मग मुख्य कार्यालय. मुलांचा हेतू खोटा नव्हता. पण जगाचे दार उघडायचे तर घरच्या दारातून जावे लागते.

आणि घरचे दार कुणाच्या हातात आहे? आपल्या. रखमाबाईच्या पाठीशी तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे राहिले. वानुआतूच्या मुलांच्या पाठीशी त्यांचे सरकार उभे राहिले. पूर्वी खाते उघडताना ओळख देणारा लागायचा, तसे हे मोठे लोक. ओळख द्यावी, आणि बाजूला व्हावे. पैसे काढायच्या चिठ्ठीवर ओळख देणाऱ्याने सही करायची नसते.

आता आक्षेप. पहिला, ‘यांना माहिती नसते, मोबाइलवर वाचून बोलतात.’ खरे आहे, पण हे आपल्यालाही लागू आहे. उपाय एकच, पुरावा मागणे. व्हाउचरशिवाय आम्ही एक रुपया खर्ची टाकत नाही, तशी आधार दाखवल्याशिवाय विधान करू नये ही सवय त्यांनाही लावू आणि आपणही लावून घेऊ. दुसरा आक्षेप, ‘राजकारणाने अभ्यास बुडतो.’ वानुआतूच्या मुलांचा तोच अभ्यास होता. तिसरा मात्र मला खरा वाटतो: व्यासपीठे पुष्कळ झाली, हाती काही येत नाही. २०२३ मध्ये जी-२० चे अध्यक्षपद भारताकडे होते, तेव्हा तरुणांच्या बैठका झाल्या, वाराणसीला मोठी परिषद झाली. सुरक्षा परिषदेने २०१५ मध्येच २२५० क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या निर्णयांत तरुणांना सामील करा असे देशांना सांगितले आहे. पण बोलावणे वेगळे आणि निर्णयात घेणे वेगळे. आपल्याकडेही गणेशोत्सवात खुर्च्या लावायला, माईक तपासायला मुले लागतात. अंदाजपत्रक मंजूर करायच्या दिवशी त्यांची आठवण कुणाला होते?

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली, कार्यकारिणीत पंचवीस वर्षांखालचे दोन सभासद घ्यावेत, त्यांत एक मुलगी असावी. त्यांना मताचा अधिकार असावा. नुसते ‘निमंत्रित’ नकोत.

दुसरी, या वार्तापत्राचे एक पान त्यांना द्यावे. शुद्धलेखन आपण तपासू, मत तपासणार नाही. लेख त्यांच्या नावाने छापावा. आपली मुले शाळेत हिंदीत शिकतात, परीक्षा इंग्रजीत देतात आणि आजीशी मराठीत बोलतात. याला आपण अडचण समजतो. जगाच्या चर्चेत ती त्यांची पुंजी ठरू शकते.

तिसरी, त्यांच्या हाती एक खरे काम द्यावे. आपला कुंडी भंडारा मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, सुमारे शंभर कुंड्यांमधून शहरात आणणारी ही मोगलकालीन योजना. इराणमधल्या अशाच भूमिगत जलवाहिन्या २०१६ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. संभाव्य यादीतून पक्क्या यादीत जायला पुष्कळ कागद लागतात, आणि स्थानिक लोकांचे म्हणणे त्यात मोलाचे असते. कोणत्या कुंडीजवळ कचरा पडतो, कुठे बांधकाम झाले, पाणी कुठे आटले, हे आपल्या मुलांनी फिरून नोंदवावे. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत निवेदन लिहावे. आधी महानगरपालिकेला, मग जिल्हाधिकाऱ्यांना, मग पुढे पाठवावे. लेखक म्हणून त्यांची सही, आणि ओळख देणारे म्हणून मंडळाची.

आपली घराणी या गावात कित्येक पिढ्यांपासून आहेत. सरकारे बदलली, १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, २००३ मध्ये जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक वेळी आपण म्हणालो, आम्हाला कुणी विचारले नाही. तीच तक्रार आपल्या मुलांनी आपल्याविरुद्ध करू नये, एवढीच विनंती. या तीनही सूचना पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, अशी मी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो. आणि त्या दिवशी घरातल्या मुलांना सोबत आणावे. खुर्च्या आपण लावू.

जय हिंद.