घरासाठी वस्त्र निवडताना

(मारतहळ्ळी, बेंगळुरू येथे माजी विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या वर्षी साठ वर्षांचा आढावा घेतला जातो. वर्ग किती वाढले, निकाल कसे लागले, कोण कुठवर पोहोचले, हे सारे त्यात येते. परंतु या साठ वर्षांत मुलांच्या अंगावरचे कापडही पार बदलले. १९६० आणि १९७० च्या दशकांत टेरिलिन व टेरिकॉट मध्यमवर्गीय घरांत आले आणि घरातल्या स्त्रीने सुटकेचा निःश्वास सोडला. कपडा लवकर वाळू लागला, इस्त्रीवाचून चालू लागला, वर्षानुवर्षे विटेना. तिच्या श्रमांचा विचार केला तर ते स्वागत योग्यच होते. पुढे मात्र कापड इतके स्वस्त झाले, की ते जपण्याची गरज संपली. आज कपाट उघडले की कपडे अंगावर कोसळतात, आणि तरीही ‘घालायला काही नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

या विषयाला मारतहळ्ळीइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही. ‘हळ्ळी’ म्हणजे गाव; पण या गावाचे गावपण आता नावापुरतेच उरले आहे. बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबरच नामांकित कपड्यांच्या फॅक्टरी आउटलेटचे गाव म्हणून मारतहळ्ळीची ख्याती झाली. बेंगळुरू हे देशातील तयार कपड्यांच्या उद्योगाचे मोठे केंद्र. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांतील कारखान्यांत हजारो स्त्रिया शिवणयंत्रावर दिवस काढतात. उरलेला, हंगाम सरलेला माल सवलतीत विकण्याची मोठी पेठ मारतहळ्ळीत उभी राहिली. महाराष्ट्रातून आलेला पाहुणाही परतताना येथील दोन पिशव्या घेऊन जातो.

याच मारतहळ्ळीच्या एका अंगाला बेळ्ळंदूरचा तलाव आहे आणि दुसऱ्या अंगाला वर्तूरचा. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला जाते आणि तेथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते. काही वर्षांपूर्वी या तलावांवरचा पांढरा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावरच्या वाहनांवर येऊन पडत असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेळ्ळंदूर तलावावर लागलेल्या आगीचा धूर साऱ्या शहराने पाहिला. त्या फेसाचे एक प्रमुख कारण प्रक्रिया न होता तलावात येणारे सांडपाणी हे होते, आणि त्या सांडपाण्यात घरोघरच्या धुण्याची पावडर होती. कपडा विकत घेतला जातो ते दुकान आणि कपडा धुतला जातो ते पाणी, ही दोन टोके येथे हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून वस्त्राची निवड ही केवळ हौसेची किंवा खिशाची बाब राहत नाही.

सांगायचे सूत्र एकच आहे. कपड्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर पूर्ण कळत नाही. तो किती वेळा अंगावर आला, किती वेळा धुवावा लागला आणि शेवटी त्याचे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ती कळते. या तीन प्रश्नांवर लोकरीची परीक्षा घेऊन पाहण्याजोगी आहे.

लोकर हा केसांसारखाच केराटिन या प्रथिनाचा तंतू. त्याला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे तंतूंमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतकी वाफ लोकर शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. घामाचा वास तिच्यात लवकर साचत नाही. म्हणून चांगला लोकरी कपडा प्रत्येक वापरानंतर धुवावा लागत नाही, रात्रभर हवेशीर जागी टांगला तरी पुरते. लोकर सहजी पेट घेत नाही, आणि पेटली तरी वितळून कातडीला चिकटत नाही. दिवाळीत पणत्या आणि फटाके यांच्याजवळ वावरणाऱ्या मुलांच्या आयांनी हा गुण ध्यानात ठेवावा. शेवटी जीर्ण लोकर मातीत पुरली तर मातीच होते.

पॉलिएस्टर आणि अ‍ॅक्रिलिक यांचे मूळ खनिज तेलात आहे. प्रत्येक धुण्यात त्यांचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, पाण्याबरोबर नाल्यात, तलावात आणि अखेर समुद्रात जातात, आणि तेथे दीर्घकाळ कुजत नाहीत. याचा अर्थ असे कपडे घरातून हद्दपार करावेत असा नाही. पावसाळी जाकीट किंवा खेळाचा पोशाख यांना त्यांचे स्थान आहे. जेथे गरज नाही तेथेही तेच घेतले जातात, ही खरी अडचण आहे.

मराठी माणसाला हे ज्ञान बाहेरून आणण्याची आवश्यकता नव्हती. त्याच्या घरात घोंगडी होती. दख्खनी मेंढी ही कोरड्या, उष्ण पठारावर तग धरणारी जात. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र या चारही राज्यांच्या पठारी भागांत ती आढळते. राज्यांच्या सीमा तिला ठाऊक नाहीत. धनगर मेंढपाळ वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात. ती काळी, करडी, जाडीभरडी असते. घरातल्या स्त्रिया ती पिंजून सूत कातत, सनगर विणकर चिंचोक्यांची खळ देऊन ते मागावर चढवीत, आणि घोंगडी तयार होई. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला ‘जावळ’ म्हणतात. तिची घोंगडी सर्वांत मऊ. बाळाच्या पहिल्या केसांना आणि कोकराच्या पहिल्या लोकरीला एकच शब्द वापरणाऱ्या भाषेचे या प्राण्याशी किती जवळचे नाते असेल, हे वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्याने पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतली, थंडीत ती पांघरली, पाहुणा आला की बसायला अंथरली, आणि खळ्यावर तिच्यातच धान्य बांधले. वारकऱ्याच्या खांद्यावर ती होती. ज्ञानेश्वरांच्या नावावरील अभंगांत घोंगडीचे रूपक आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडे’ म्हणण्याचा वाक्प्रचार तर रोजच्या बोलण्यात आहे. ओली घोंगडी किती सावकाश वाळते, हे अनुभवलेल्या लोकांनीच तो घडवला.

कर्नाटकात हीच वस्तू ‘कंबळी’ होते. तेथे कुरुब समाज मेंढ्या पाळतो, आणि चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे कंबळीसाठी प्रसिद्ध आहे. बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे आवर्जून जाणून घ्यावे. आजीचे इरकल लुगडे बागलकोट जिल्ह्यातील इळकलचे, चोळीचा खण त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा, आणि ओसरीवरची घोंगडी दोन्ही बाजूंच्या मेंढपाळांची. मराठी घराच्या पेटीत कर्नाटकाचे कापड पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. कानडी शेजारणीशी ‘कंबळी’ या एका शब्दावरून गप्पा सुरू करता येतात.

गिरण्यांच्या काळातही लोकरीला मान होता. ‘बंगलोर वूलन, कॉटन अँड सिल्क मिल’ १८८४ मध्ये सुरू झाली. पुढे ती बिन्नी मिल म्हणून ओळखली गेली आणि तिचे नाव बिन्नीपेटेच्या रूपाने शहरात उरले आहे. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या कारखान्याचा आरंभही लोकरी घोंगड्या-ब्लँकेटांपासूनच झाला.

मग घोंगडी गेली कुठे? कारखान्यातील कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट मऊ, रंगीत आणि स्वस्त निघाले. जाडीभरडी दख्खनी लोकर अंगाला टोचते, म्हणून तयार कपड्यांच्या उद्योगाला ती नको झाली. त्यांना हवी ती मेरिनोची तलम लोकर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून येऊ लागली. मागणी घटली तशी मेंढपाळाची मजुरीही सुटेना. कातरणीला पैसे द्यायचे आणि लोकर टाकून द्यायची, अशी पाळी अनेकांवर आली. साहजिकच माडग्याळसारख्या, मुख्यतः मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या मेंढ्यांकडे कल वाढला. विणकराच्या घरातला मुलगा मागाच्या खड्ड्यात उतरेना. एकीकडे देशातली लोकर उकिरड्यावर जाते आणि दुसरीकडे खनिज तेलापासून केलेले ब्लँकेट दुकानात ढिगाने विकले जाते. या विसंगतीला शहरातील ग्राहक कारणीभूत आहे, तसाच उपायही त्याच्याच हाती आहे.

उपाय अवघड नाहीत. पहिला, ओळखून घेणे. मराठीत विणकामाच्या प्रत्येक धाग्याला ‘लोकर’ म्हणण्याची सवय पडली आहे. दुकानातली रंगीबेरंगी ‘लोकर’ बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. म्हणून आतली पट्टी वाचावी. १९६४ पासून वापरात असलेले ‘वूलमार्क’ हे चिन्ह शुद्ध लोकरीची खूण मानले जाते. शंका असल्यास शिवणीतला एक धागा काढून मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा असेल तर वितळून कडक मणी उरतो.

दुसरा, हवेला अनुसरून घेणे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथे हिमालयातील थंडी नाही, पण पावसाळ्याची संध्याकाळ आणि पौषातली पहाट अंगावर काटा आणते. जाड कोट येथे कपाट अडवतो. एक पातळ लोकरी स्वेटर, एक शाल आणि अंथरुणावर एक घोंगडी एवढे एका माणसाला पुरते. घोंगडी टोचते अशी तक्रार असेल तर तिला जुन्या सुती साडीचे अस्तर लावावे. आतला भाग मऊ, बाहेरची ऊब तशीच.

तिसरा, हिशेब नीट मांडणे. समजा, ५०० रुपयांचा स्वेटर दोन हिवाळ्यांत २० वेळा घातला गेला आणि गोळे येऊन टाकला गेला; प्रत्येक वापर २५ रुपयांना पडला. २,५०० रुपयांचा लोकरी स्वेटर मोठ्या मुलाने आणि नंतर धाकट्याने मिळून २०० वेळा घातला, तर प्रत्येक वापर साडेबारा रुपयांचा. स्वस्त कोणता, हे मुलांनाच विचारावे. गणिताचा तासही होईल. अर्थात अडीच हजार एकदम काढणे प्रत्येक घराला जमत नाही. ज्याला जमत नाही त्याने नातलगाचा वापरलेला कपडा निःसंकोच घ्यावा. नव्याचा हव्यास नसणे हे गरिबीचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

चौथा, जपणे. लोकर गार पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, न घासता धुवावी. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने ती लोंबते. या भागात टँकरचे जड पाणी अनेक इमारतींत येते. त्यात साबण नीट विरघळत नाही आणि कपड्यावर थर धरतो, म्हणून शेवटच्या खळबळीला शक्य तर मऊ पाणी घ्यावे. ठेवताना कपडा स्वच्छ असावा, कारण कसर मळक्या लोकरीवर आधी धाड घालते. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड कपड्यांत ठेवावे, आणि वर्षातून दोनदा सारे बाहेर काढून ऊन दाखवावे.

पाचवा, शेवट ठरवणे. पूर्वी मुलाला तोकडा झालेला स्वेटर आई उसवीत असे, लडी करून धुवून वाळवीत असे आणि दुसऱ्या रंगाची जोड देऊन पुढच्या मापाचा विणीत असे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. वाकळीत आजीचे लुगडे, आत्याचे परकर आणि बाबांचे धोतर एकत्र येत आणि नव्या बाळाला ऊब देत. नोकरीच्या धावपळीत प्रत्येकीने, किंवा प्रत्येकाने, सुया हाती घ्याव्यात असा आग्रह नाही. पण उसवलेली शिवण घालणे, बटण लावणे, ठिगळ देणे हे मुलगे आणि मुली दोघांनाही यायला हवे. दुरुस्त केलेला कपडा घालण्याची लाज वाटू नये, हे शिक्षण घरातूनच मिळते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने दोन छोट्या गोष्टी सहज घडू शकतील. माजी विद्यार्थ्यांनी मारतहळ्ळीत वर्षातून एकदा मुलांच्या कपड्यांची अदलाबदल ठेवावी. मोठ्यांचे स्वेटर आणि रेनकोट धाकट्यांकडे जावेत. आणि घरात लग्न, बारसे किंवा वास्तुशांत असेल तेव्हा आहेराला आणखी एक चादर-ब्लँकेटचा डबा देण्याऐवजी एक घोंगडी किंवा कंबळी द्यावी, तीही शक्य तर थेट विणकराकडून घेऊन. एका घराच्या खरेदीने माग पुन्हा सुरू होत नाही. शंभर घरांच्या खरेदीने एखाद्या गावातला एक माग मात्र नक्की चालू राहतो.

येत्या दिवाळीला आउटलेटच्या पायऱ्या चढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपले कपाट एकदा रिकामे करून पाहावे आणि जे आहे ते मोजावे. यादी त्यानंतर करावी. सर्वांना हीरक महोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.