'दवाखान्यात जाऊन येते'



घराबाहेर पडताना बाईला सांगून निघावं लागतं. कुठे निघालीस, सोबत कोण, परत कधी येणार. मैत्रिणीकडे म्हटलं तर कपाळाला आठ्या पडतात. माहेरी म्हटलं तर त्यावरून नवं भांडण होतं. आणि पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे निघालेय, असं तर ती उच्चारूच शकत नाही. पण एक वाक्य असं आहे की त्याला सासू सहसा अडवत नाही आणि नवराही अडवत नाही: "दवाखान्यात जाऊन येते." लेकराचा डोस असतो, कंबर धरलेली असते, दिवस गेले असतील तर तपासणी असते. घरात मार खाणाऱ्या बाईला सावरायला जागा हवी, हे आपण सगळे मान्य करतो. ती जागा नेमकी कुठे असावी, याचं मला पटलेलं उत्तर या एका वाक्यात आहे.

मुंबईत वांद्र्याला महापालिकेचं के. बी. भाभा रुग्णालय आहे. तिथे २००० साली महापालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र उभं केलं. घरातली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयाच्या आत सुरू झालेलं देशातलं हे पहिलं केंद्र. रुग्णालयाचाच तो एक विभाग. जशी डोळ्यांची ओपीडी, जशी हाडांची, तसाच हा. बाईच्या हातात केसपेपर असतो, आणि वाटेत शेजारीण भेटली तरी तिला काही खुलासा करावा लागत नाही.

त्याआधी या बायका रुग्णालयात येत नव्हत्या असं नाही. येतच होत्या, आजही गावोगावी येतात. "जिन्यावरून पडले." "खोकल्याचं औषध समजून चुकून फिनेल प्यायले." "स्टोव्ह भडकला." जखमेला टाके पडायचे, पोट धुतलं जायचं, कागद भरले जायचे आणि बाई पुन्हा त्याच घरी जायची. डॉक्टर आणि सिस्टर निर्दय होते म्हणून नव्हे. विचारायचं कसं आणि उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून 'दिलासा'चं मोठं काम केंद्राच्या खोलीबाहेर झालं: डॉक्टरांचं, परिचारिकांचं, वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. सोबत आलेल्या माणसाला औषध आणायला पाठवायचं आणि मग बाईजवळ बसून हळूच विचारायचं, "ताई, हे पडून झाल्यासारखं दिसत नाही. घरी कुणी हात उचलतं का?" नवरा खाटेशी उभा असताना हा प्रश्न विचारला, तर तो तिच्या जिवावर बेतू शकतो.

असं आपणहून विचारण्याची गरज किती आहे, ते २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. इतक्या बायका गप्प राहतात तिथे केंद्राची पाटी लावून वाट बघत बसणं पुरेसं नाही.

आता त्या खोलीत काय होतं, ते जरा सविस्तर सांगते. समुपदेशक पहिल्यांदा ऐकून घेते. मग एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगते, की भाजी खारट झाली म्हणून, मुलगी झाली म्हणून किंवा उलट बोललीस म्हणून मारण्याचा हक्क कुणालाही नाही आणि यात तुझा दोष नाही. कित्येक बायकांनी हे वाक्य जन्मात पहिल्यांदा ऐकलेलं असतं. त्यानंतर अगदी व्यवहाराचं बोलणं. आज घरी जाणं सुरक्षित वाटतं का? आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, थोडे पैसे आणि मुलांचे कपडे विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवता येतील का? भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे सुरी असते, रॉकेल असतं, दाराजवळ राहायचं. घरी परतणं धोक्याचं असेल, तर देखरेखीखाली ठेवायचं म्हणून तिला वॉर्डात एक-दोन रात्री खाट देता येते. घरच्यांच्या लेखी ती दवाखान्यातच असते, आणि तिला मात्र विचार करायला शांत वेळ मिळतो.

केसपेपरवर 'पतीकडून मारहाण' अशी नोंद होते तीही मोलाची. पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती न्यायालयात गेली, तर तिच्या हातात पुरावा असतो. आणि जिने जीव द्यायचा प्रयत्न केला, तिला पोलीस केसची भीती वाटत असते. म्हणूनच ती 'चुकून प्यायले' म्हणते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. हे तिला खाटेवरच सांगायला हवं, घरी गेल्यावर नव्हे.

आपल्याकडे बायकांच्या एकत्र येण्याच्या जागा पूर्वीही होत्या. पाणवठा होता, पहाटेचं जातं होतं, हळदीकुंकू होतं. मला त्यांच्याबद्दल माया आहे. पण हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसायचं, आणि पाणवठ्यावर बोललेलं संध्याकाळी सासूच्या कानावर जायचं. दवाखान्याच्या रांगेत सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या, नवरा असलेल्या, नसलेल्या, टाकलेल्या बायका उभ्या असतात, आणि दार लावून घेतलेल्या खोलीतलं बोलणं तिथेच राहतं.

एक गोष्ट मला ठामपणे म्हणायची आहे. बाईची समजूत घालून तिला परत पाठवणं म्हणजे तिला आधार देणं नव्हे. 'दोन्ही हातांनी टाळी वाजते', 'मुलांकडे बघून सोस' हे सांगायला घरीदारी माणसं भरपूर आहेत. ते ऐकायला तिने केसपेपर काढायची गरज नाही. ती नवऱ्याबरोबर राहायचं ठरवो किंवा वेगळं व्हायचं, निर्णय तिचा. आज तिने काहीच ठरवलं नाही, तरी महिन्याने पुन्हा येण्यासाठी दार उघडं असलं पाहिजे. माणूस एका भेटीत सावरत नाही.

वांद्र्यानंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि पुढे मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत 'दिलासा' पोचलं. केरळने जिल्हा रुग्णालयांत 'भूमिका' केंद्रं काढली. २०१५ पासून केंद्र सरकारची 'सखी' वन स्टॉप सेंटर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे पाच दिवसांपर्यंत राहायची सोय असते. पण जिल्ह्याच्या गावी जायला एसटीचं तिकीट लागतं, घरी कारण सांगावं लागतं. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही अशी खोली हवी. दार नीट बंद होणारी, दोन खुर्च्या, लेकराला खेळायला काहीतरी, आणि रोज भेटणारी, वेळेवर पगार मिळणारी एक प्रशिक्षित समुपदेशक. इमारत तर उभीच आहे. रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढावा, अशी माझी विनंती आहे.

आणि ज्या भगिनी हे भाषण कामाच्या निमित्ताने नाही, तर स्वतःसाठी ऐकत आहेत, त्यांच्यासाठी: महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१. जीव धोक्यात असेल तर ११२. फोन करणं जमत नसेल, तर लेकराच्या पुढच्या डोसाला जाल तेव्हा सिस्टरला म्हणा, मला एकटीने बोलायचं आहे.