लहान होडीत गळाच्या काठीची जागा

(जलाशयाकाठच्या गावांतील पंचायत सदस्य, शिक्षक व होडीचालक यांच्यासाठी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. होडी कशी निवडावी, पोहणे कसे शिकवावे, बुडालेल्यावर प्रथमोपचार कसे करावेत, हे विषय समजण्यासारखे आहेत. पण गळाची काठी होडीत कशी ठेवावी, यावर अर्धा तास बोलण्यासारखे काय आहे? मलाही एकेकाळी असेच वाटत असे. ते मत का बदलले, ते आधी सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका स्नेह्यासोबत मी एका जलाशयावर गेलो होतो. साडेतीन मीटर लांबीची होडी, तीत आम्ही दोघे आणि वल्हविणारे एक काका. स्नेह्याने तीन काठ्या आणल्या होत्या. त्या ठेवायला जागा नव्हती म्हणून होडीच्या तळाशी आडव्या टाकल्या. जीवरक्षक जाकिटे बाकाखाली होती, म्हणजे काठ्यांच्या खाली. मध्यावर गेल्यावर काठी बदलायची म्हणून स्नेही उठला, त्याचा पाय सुटलेल्या दोरीत अडकला, होडी एका अंगाला कलली आणि बादलीभर पाणी आत आले. सुदैवाने होडी उलटली नाही. काठी मात्र मोडली, आणि तोल सावरण्यासाठी काकांनी जो हात टेकला त्याच्या तळव्यात गळ रुतला. पुढे आठवडाभर त्यांना वल्हे धरता आले नाही. काठीचे पैसे देणारा मालक होता. काकांच्या बुडालेल्या मजुरीचा विचार मात्र आम्हां कोणालाच त्या दिवशी सुचला नाही. याची खंत मला आजही आहे.

होडीच्या कडेला दोन कमानी नीट बसविलेल्या असत्या, तर यातले काहीच घडले नसते.

ही काठी वेगळी का?

आपल्याकडे गळाने मासे धरणे नवे नाही. बांबूची काठी, दोरा, गळ आणि गांडुळाचे आमिष हे आपल्या परिचयाचे आहे. फ्लाय रॉड नावाची काठी याहून निराळी. तिच्या गळावर पिसे आणि धागे गुंडाळून माशीची किंवा किड्याची नक्कल केलेली असते. ही नक्कल इतकी हलकी असते, की ती स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. म्हणून दोरीच जाड व वजनदार करतात आणि काठीच्या झोक्याने ती दोरी फेकतात. काठी बहुधा ९ फुटांची, म्हणजे पावणेतीन मीटरची असते आणि शेंड्याकडे अगदी बारीक होत जाते. आपल्या होडीच्या लांबीशी ताडून पाहा, म्हणजे अडचण ध्यानात येईल.

दुसरा फरक दोरी गुंडाळण्याच्या चक्रीचा. साध्या काठीत चक्रीच्या खाली बराच दांडा उरतो. तो नळीत खोचला की काठी उभी राहते. फ्लाय रॉडची चक्री मुठीच्या खाली, थेट बुडाशी असते. खोचायला दांडाच उरत नाही. त्यामुळे बाजारातील साधी नळी हिला चालत नाही. चक्रीसाठी खाच असलेला उघडा आधार लागतो. अनेकजण पहिली चूक येथेच करतात.

असे गळ टाकणारे पाहुणे आपल्या जलाशयांवर येतात, ते बहुधा महाशीरच्या ओढीने. आपल्या दख्खनी महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. पुढे लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात महाशीरचे पैदास केंद्र चालवून तेथील पिले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. हा मासा धरून पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत जाणकार पाळतात. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, आणि हात मोकळे होण्यासाठी काठीला जागा हवी.

निवड कशी करावी?

आधाराची कामे दोन. एक, हातातली काठी क्षणभर ठेवणे. दुसरे, जादा काठी प्रवासात सुरक्षित राखणे. दोन्हींसाठी माझी पसंती आडव्या आधाराला आहे. होडीच्या काठाखाली, आतल्या अंगाला, काठी कडेला समांतर राहील असा तो असावा. बुडाकडे खाच असलेली एक कमान, मध्ये दुसरी कमान आणि बारीक शेंडा सुरक्षित राहावा म्हणून पुढे एक नळी, एवढ्याने काम भागते.

उभा आधार स्वस्त आणि सुटसुटीत दिसतो. पण त्यात काठी आकाशाकडे रोखलेली राहते. आजच्या बहुतेक काठ्या कार्बनच्या तंतूंच्या असतात, आणि कार्बनमधून वीज वाहते. आपल्या जलाशयांच्या काठी उपसा सिंचनाच्या पंपांसाठी विजेच्या तारा ओढलेल्या असतात. पाणी वाढले की तारांखालचे अंतर कमी होते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वीज कडाडू लागते. अशा वेळी उभी काठी म्हणजे संकटाला निमंत्रण होय. विजेचा गडगडाट ऐकू येताच काठ्या आडव्या करून काठ गाठावा, हे होडीचालकाने नम्रपणे पण ठामपणे सांगितले पाहिजे.

आधार पाहताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. बसल्या जागेवरून, एका हाताने काठी काढता व ठेवता आली पाहिजे. जेथे काठी टेकते तेथे रबराचे किंवा फोमचे अस्तर हवे. आणि लाटेच्या हिसक्याने काठी उडू नये म्हणून वरून पट्टा हवा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी हे काम उत्तम करते. महागडा आयात माल आणलाच पाहिजे असे नाही. प्लॅस्टिकची पाण्याची नळी आणि सागवानी फळीतून कापलेल्या दोन कमानी यांतून गावचा सुतार चांगला आधार तयार करू शकतो. मात्र प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते. दरवर्षी ते वाकवून पाहावे व तडा दिसल्यास बदलावे.

बसविण्याची रीत

भोक पाडण्यापूर्वी होडी जमिनीवर घ्यावी. आधार दोरीने तात्पुरते बांधावेत. माणसांनी आपापल्या जागी बसावे, वल्हेकऱ्याने वल्हे पुरते फिरवून पाहावे. कोपर लागत असेल, वल्ह्याच्या खुंटीला काठी अडत असेल, तर जागा बदलावी. नाळेकडे बसून गळ टाकणाऱ्यासाठी काठीचे बूड त्याच्या हाताशी आणि शेंडा मागच्या बाजूला असावा. होडी काठाला लागताना शेंडा पुढे आलेला असेल, तर तोच आधी मोडतो. आधाराचा कोणताही भाग वर उंच येऊ नये, नाहीतर फेकताना सुटी दोरी त्यात अडकते. ही तालीम अर्ध्या तासाची आहे, पण ती चुकवू नये.

आता मजबुतीचा प्रश्न. काठी आधारात ठेवूनच गळ पाण्यातून ओढत नेला आणि माशाने झडप घातली, तर काय होते? समजा, आधाराच्या दोन कमानींत २५ सेंटिमीटर अंतर आहे आणि काठीचे टोक पुढच्या कमानीपासून अडीच मीटर लांब आहे. टोकाला २ किलोग्रॅमची ओढ बसली, तर तरफेच्या नियमाने कमानींवर सुमारे दहापट, म्हणजे २० किलोग्रॅमचा जोर येतो. काठी वाकल्याने तो काहीसा घटतो. पण नुसत्या स्क्रूवर भिस्त ठेवणे धोक्याचे, हे आपल्या ध्यानात येईल. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण वर्गात अवश्य द्यावे. तरफ इतकी जिवंत क्वचितच शिकवता येते.

म्हणून आरपार बोल्ट घालावेत आणि पलीकडून जाड प्लायवूडची किंवा धातूची रुंद पट्टी द्यावी, म्हणजे भार पसरतो. फायबरच्या होडीला ही पट्टी अत्यावश्यक आहे. तिच्याविना पातळ कवच तडकते. लाकडी होडीत शक्य तो फासळीलाच आधार घ्यावा आणि भोकाच्या आतल्या अंगाला रंग किंवा इपॉक्सी लावावा, नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजते. अॅल्युमिनियमच्या होडीत पोलादी बोल्टखाली नायलॉनची चकती घालावी. दोन धातूंचा ओलाव्यात संपर्क आला की अॅल्युमिनियम झिजते. गोड्या पाण्याला ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील पुरते. खाडीत व समुद्रात ३१६ प्रतीचे घ्यावे. हवा भरलेल्या रबरी होडीला अर्थातच भोक पाडावयाचे नाही; तिला चिकटविण्याच्या पट्ट्या किंवा चौकटीला आवळण्याचे शिकंजे वापरावेत.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. पाण्याच्या रेषेखाली भोक पाडू नये. आणि होडी उलटली तरी तरंगावी म्हणून जे हवाबंद कप्पे ठेवलेले असतात, त्यांना छेद देऊ नये. एका काठीच्या सोयीसाठी होडीचे तरंगणे पणाला लावणे हा शहाणपणा नव्हे.

पंचायतीचे काम

आधारात काठी ठेवताना गळ मोकळा लोंबू देऊ नये. तो मुठीजवळच्या कडीत अडकवावा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला, तर मासा सोडणे सोपे जाते आणि माणसाच्या हातात रुतलेला गळही सहज निघतो. तरीही जखम झाली, तर ती धुऊन आरोग्य केंद्रात धनुर्वाताची सुई घ्यावी.

पंचायत सदस्यांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्याकडील बहुतेक जलाशय मासेमारीसाठी सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या संमतीविना पाहुण्यांना गळ टाकू देऊ नये. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या स्थानिक नोंदणीचीही तरतूद आहे. त्या निमित्ताने होडी तपासताना जाकिटे अंगावर आहेत का, हे पाहतोच. त्याबरोबर तळ मोकळा आहे का, हेही पाहावे. तळाशी काठ्या, दोऱ्या, पिशव्या पसरलेल्या असतील, तर ती होडी पाण्यात जाऊ देऊ नये.

मित्रहो, होडीत माणूस उभा राहतो तो हौसेने नव्हे. हवी ती वस्तू हाताशी नसते, म्हणून तो उठतो. प्रत्येक वस्तूला जागा दिली, की उठण्याचे कारणच उरत नाही. काठीचा आधार काठी वाचवतो हे खरे. पण तो प्रथम वाचवतो तो वल्हे धरणारा हात, कारण त्या हातावर एका घराची चूल पेटते. उद्या आपापल्या गावी गेल्यावर आपण एका तरी होडीचा तळ पाहावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.