सातवीचे गणित आणि शिवाराचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या कागदावर चार विषय आहेत. कांद्याचा भाव, विजेचे बिल, भूसंपादन आणि पाणंद रस्ते. पाचवा विषय आम्ही मागून घेतला आहे. आपली सहावी-सातवी-आठवीतली पोरे वर्गात काय शिकतात, हा तो विषय. काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसते आहे की शाळा हे मास्तरांचे काम, आंदोलनाला त्याच्याशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते रोकडे आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चाकण परिसरातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात दिवसभर बसलो. शाळेच्या एका अंगाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या अंगाला उरलेसुरले शिवार. वर्गातली निम्मी पोरे गावची, निम्मी कामाला आलेल्यांची. कुणाचा बाप लातूरचा, कुणाचा यवतमाळचा, कुणाचा थेट बिहारचा. पहिल्या तासाला समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण झाले. मग विज्ञान. मग भूगोलात मृदा. मग इतिहासात शिवकाल. मास्तर मन लावून शिकवत होते, पोरे उत्तरे देत होती. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण घंटा झाली की एक वही मिटायची आणि दुसरी उघडायची. गणिताला भूगोलाचा पत्ता नाही, भूगोलाला विज्ञानाचा नाही, आणि खिडकीबाहेर रान आहे याचा पत्ता कोणत्याच तासाला नाही.

शेवटच्या तासाला मास्तरांच्या परवानगीने आम्ही दोन गणिते घातली.

पहिले गणित कांद्याचे. चैत्रात शंभर क्विंटल कांदा चाळीत भरला. तेव्हा भाव क्विंटलला १,००० रुपये. भाद्रपदात चाळ फोडली तर वजनात तीस टक्के घट. आता काय भाव मिळाला म्हणजे चैत्रात विकला असता तेवढेच पैसे हातात येतील? पोरांनी एका सुरात सांगितले, १,३०० रुपये. घट तीस टक्के, म्हणून भाव तीस टक्के जास्त. आम्ही म्हटले, गुणाकार करून पाहा. उरला सत्तर क्विंटल. त्याचे १,३०० प्रमाणे ९१,००० रुपये झाले. ९,००० रुपये गेले कुठे? वर्ग गप्प. मग एका पोराने लाखाला सत्तरने भागले आणि १,४२९ रुपये सांगितले. हे व्यस्तप्रमाण. तोच धडा सकाळी पहिल्या तासाला झाला होता! आणि चाळीचा खर्च, निवडाईची मजुरी, पाच महिन्यांचे व्याज यात अजून धरलेलेच नाही.

हसू नका. हेच गणित आम्ही मागे मोठ्या माणसांच्या बैठकीत घातले होते. तिथेही उत्तर १,३०० च आले होते.

दुसरे गणित रानाचे. फळ्यावर आम्ही एक तुकडा काढला. चारही बाजू पन्नास-पन्नास मीटर, पण कोपरे काटकोनात नाहीत. आपल्याकडे वाटणीच्या वेळी काय करतात? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा. पन्नास गुणिले पन्नास, २,५०० चौरस मीटर, म्हणजे २५ आर. आता आम्ही सांगितले की दोन समोरच्या कोपऱ्यांत दोरी धरली तर ती साठ मीटर भरते. एक मुलगी फळ्याशी आली. दोरीने रानाचे दोन त्रिकोण झाले. पाया साठ, त्याचा निम्मा तीस, तिरपी बाजू पन्नास. पायथागोरसप्रमाणे उंची चाळीस. एका त्रिकोणाचे क्षेत्र १,२०० चौरस मीटर, दोहोंचे २,४००. म्हणजे रान २५ आर नाही, २४ आर आहे. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. सरासरीचा हिशेब वाकड्या तुकड्याला नेहमी जास्तच क्षेत्र दाखवतो. वाटणीत असा तुकडा ज्या भावाच्या वाट्याला येतो, त्याचा गुंठा कागदावर असतो, रानात नसतो. चाकणच्या रस्त्यालगत गुंठ्याला आज काय भाव आहे हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. सख्ख्या भावांची डोकी फुटली आहेत एवढ्यावरून.

म्हणजे शाळेत शिकवत नाहीत असे नाही. सगळे शिकवतात. विज्ञानात श्वसन शिकवतात, पण चाळीतला कांदा श्वास घेतो, पाणी सोडतो आणि म्हणून वजनाला उतरतो, हे त्या धड्याला कुणी जोडत नाही. व्याज शिकवतात, पण महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे सावकाराच्या दारात गेल्यावर कळते. इतिहास शिकवतात, पण याच पुणे जिल्ह्यात १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह झाला, हे ज्यांच्या घरात भूसंपादनाची नोटीस आली त्या पोरांना ठाऊक नसते. जोडणी नाही, एवढाच रोग आहे. आम्ही तरी काय वेगळे? कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्राच्या परीक्षा दिल्या, पदवी घेतली, आणि वडिलांनी घरच्या सातबाऱ्यावर बोट ठेवून विचारले की हा पोटखराबा किती आणि कसा धरला, तेव्हा आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

ही मागणी नवी नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, आणि मास्तर असे नेमा की वेळ पडल्यास नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटणार नाही, असे त्यांनी त्यात मागितले. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शास्त्रज्ञाची चांगली नोकरी सोडून ते खेड्यात आले. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. शेती आणि पशुपालन, लोखंड-लाकडाचे काम, ऊर्जा, घर आणि आरोग्य. काम करताना लागेल ते गणित आणि विज्ञान तिथेच शिकतात. चाकणहून पाबळ किती लांब आहे? आपण किती जण जाऊन आलो?

आता तुमचा आक्षेप. तुम्ही म्हणाल, आम्हाला पोराला शेतीत घालायचेच नाही, त्याला कंपनीत लावायचे आहे. खुशाल लावा. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि कारखाने सरकत सरकत चाकणपर्यंत पोचले. ते आता जाणार नाहीत. पण ठेकेदाराच्या पगारचिठ्ठीला तरी हेच गणित लागते ना? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात, आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. ते भरले की नाही, हे विचारायचे त्या पोराला सुचले पाहिजे. यवतमाळहून आलेल्या बापाचे पोर असो की आपले, फसवणारा दोघांना एकाच हिशेबाने फसवतो. म्हणून ही सगळी पोरे आपली धरायची. त्यांची रानेही कुठेतरी आहेतच.

मोर्चा नको, निवेदन नको. तीन कामे करायची आहेत.

एक. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि एकूण निम्म्या जागा बायांच्या. त्या जागा झेंडावंदनाच्या चहापुरत्या ठेवू नका. बैठकीला जा. शाळा विकास आराखडा तीच समिती करते. त्यात आठवड्याचा निदान एक तास शिवारासाठी मागा.

दोन. मास्तरांवर नवे ओझे टाकू नका. तुम्ही जा. सातबारा आणि आठ-अ ची प्रत, आडत्याची पट्टी, विजेचे बिल, पगारचिठ्ठी घेऊन जा. रान मोजायला दोरी आणि टेप द्या. धडा मास्तर शिकवतील, उदाहरण तुमचे असू द्या.

तीन. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सातवी-आठवीच्या पोरीला किंवा पोराला कांद्याचे गणित घालून या. उत्तर १,३०० आले तर रागावू नका. शेजारी बसा आणि दोघे मिळून सोडवा.

चौदा वर्षे पुरी झाली, आठवी सरली, की कायद्याचे छत्र जाते. पुढे काही पोरे दहावीला, आयटीआयला जातात, काही ठेकेदाराच्या गाडीत चढतात. त्याआधीची ही तीन वर्षे आपल्या हातात आहेत. जमीन गेली ती गेली. ती जाताना हिशेब मांडणारे माणूस घरात नव्हते, हे दुःख आपल्यातल्या अनेकांच्या घरी आहे. ते पुढच्या पिढीच्या घरी नको, एवढेच सांगायला आम्ही उभे राहिलो होतो.